बायबलमधील नगरे कशी वाचावीत: बाबेलपासून नव्या यरुशलेमपर्यंत

बायबलमधील पहिले नगर एका खुन्याने वसवले. भाऊ हाबेल याचा जीव घेतल्यामुळे भटकंतीचा शाप भोगणाऱ्या काइनाने एक नगर बांधले आणि त्याला आपल्या मुलाचे, हनोखाचे नाव दिले, असे उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे (४:१७). शेवटचे नगर कोणीही माणूस बांधत नाही. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात ते देवापासून, स्वर्गातून खाली उतरते. या दोन नगरांच्या मध्ये सदोम, बाबेल, यरीहो, निनवे, सोर, यरुशलेम, इफिस, लावदिकीया अशी कितीतरी नगरे येतात आणि त्यांतील प्रत्येकाला स्थळाच्या पलीकडचा अर्थ येत जातो.

हा अर्थ शोधताना बहुतेक अभ्यासगटांत एक तयार यादी वापरली जाते: बाबेल म्हणजे गर्व, सदोम म्हणजे दुराचार, यरुशलेम म्हणजे स्वर्ग. या यादीने वचन उलगडत नाही, उलट वाचन तिथेच थांबते. शास्त्रात कोणतेही नगर एकाच अर्थावर थांबलेले नाही. निनवे रक्तपाती आहे आणि पश्चात्तापीही आहे. यरुशलेमला यशया संदेष्टा सदोम म्हणून हाक मारतो. त्यामुळे नगराचा अर्थ पाठ करण्याऐवजी तो कसा घडत गेला हे पाहण्याची सवय लावणे अधिक फलदायी ठरते. ही सवय पायरीपायरीने कशी लावावी, हे पुढे सविस्तर मांडले आहे. वैयक्तिक मननासाठी, मंडळीतील अभ्यासवर्गासाठी किंवा प्रवचनाच्या तयारीसाठी ही पद्धत सारखीच उपयोगी आहे.

पहिली पायरी: सारे उल्लेख एकत्र आणा

एखादे नगर निवडल्यावर प्रथम संदर्भसूचीच्या किंवा मोबाइलवरील शोधाच्या साहाय्याने त्याचे जुन्या आणि नव्या करारातील सर्व उल्लेख एका वहीत क्रमाने उतरवून घ्यावेत. मराठी भाषांतरांत विशेषनामांची रूपे वेगवेगळी आढळतात, म्हणून ‘बाबेल’बरोबर ‘बाबिलोन’ आणि ‘बॅबिलोन’ हेही शोधावे. प्रत्येक उल्लेखापुढे तीनच गोष्टी लिहाव्यात: बोलणारा कोण आहे, तो कोणाशी बोलतो आहे आणि त्या वेळी ते नगर उभे होते की पडलेले.

सरावासाठी निनवे उत्तम, कारण उल्लेख थोडे असूनही चित्र पालटते. तैग्रीस नदीकाठी, आजच्या मोसुल शहराजवळ असलेले हे नगर अश्शूरी साम्राज्याची राजधानी होते. याच साम्राज्याने इ.स.पू. ७२२च्या सुमारास उत्तरेकडील इस्राएलचे राज्य संपवले, त्यामुळे इस्राएली माणसासाठी निनवे हे केवळ दूरचे परके शहर नव्हते, तर ज्याच्या सैन्याने आपली माणसे ओढून नेली ते शहर होते. नहूम संदेष्टा त्याला रक्तपाती नगरी म्हणतो आणि त्याच्या पतनाची घोषणा करतो, इ.स.पू. ६१२ मध्ये मेदी आणि बाबेली सैन्यांपुढे ते खरोखर पडले. पण योनाच्या पुस्तकात तेच निनवे राजापासून जनावरांपर्यंत गोणपाट नेसून उपास करते आणि वाचते. दोन्ही पुस्तकांचा शेवट प्रश्नाने होतो. नहूम निनवेच्या राजाला विचारतो की तुझ्या दुष्टतेचा घाला कोणावर पडला नाही? योनाच्या पुस्तकात देव विचारतो की ज्यांना उजव्याडाव्या हाताचा भेद कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्यात आहेत, त्या नगराची मी कीव करू नये काय? हे दोन प्रश्न वहीच्या एकाच पानावर समोरासमोर लिहावेत. येशू जेव्हा म्हणतो की न्यायाच्या दिवशी निनवेचे लोक उभे राहून या पिढीला दोषी ठरवतील (मत्तय १२:४१), तेव्हा त्या वाक्याचे वजन या दोन प्रश्नांशिवाय समजत नाही. सिरियाक परंपरेच्या मंडळ्या, केरळातील मंडळ्यांसह, आजही निनवेच्या स्मरणार्थ तीन दिवसांचा उपास पाळतात. शत्रूच्या राजधानीचा पश्चात्ताप त्यांनी आपल्या उपासनेचा भाग करून घेतला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरी पायरी: जमीन, पाणी आणि इतिहास पाहा

प्रतीक हवेत तयार होत नाही. ज्या नगराची उपमा दिली जाते त्या नगराला उंची असते, पाणीपुरवठा असतो, व्यवसाय असतात, भूकंपाच्या आठवणी असतात. म्हणून नकाशा उघडल्याशिवाय अर्थाकडे जाऊ नये. ही पायरी शिकण्यासाठी प्रकटीकरणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांतील सात पत्रे घ्यावीत. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया ही सातही नगरे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात आहेत. पत्रांचा क्रमही प्रवासाचाच आहे: प्रकटीकरणाचा लेखक योहान ज्या पात्म बेटावर होता तेथून निघालेला निरोप्या इफिसला उतरून उत्तरेकडे पर्गमपर्यंत जाईल आणि मग आग्नेयेकडे वळत लावदिकीयाला पोहोचेल.

यांतील लावदिकीयावर अधिक वेळ द्यावा. हे नगर सधन होते. काळ्या लोकरीसाठी आणि वैद्यकविद्येसाठी त्याची ख्याती होती. इ.स. ६०च्या सुमारास भूकंपाने ते उद्ध्वस्त झाले तेव्हा रोमच्या मदतीवाचून, स्वतःच्या पैशावर ते पुन्हा उभे राहिले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस याने नोंदवले आहे. आता पत्र वाचावे. “मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही” असे म्हणणाऱ्या मंडळीला ख्रिस्त सांगतो की तू दरिद्री, आंधळी आणि उघडी आहेस. माझ्याकडून अग्नीने शुद्ध केलेले सोने, पांढरी वस्त्रे आणि डोळ्यांत घालायला अंजन विकत घे. संपत्ती, कापड आणि औषध या नगराच्या अभिमानाच्याच गोष्टी आहेत आणि त्याच गोष्टींत त्याची उणीव दाखवली आहे.

कोमटपणाच्या वचनावरही पाण्याचा नकाशा प्रकाश टाकतो. उत्तरेला हेरापली येथे गरम पाण्याचे झरे होते, आजही पामुक्कले नावाने ते प्रसिद्ध आहेत. पूर्वेकडील कलस्सै येथे थंड पाणी मिळत असे. लावदिकीयाचे पाणी नळांतून दुरून आणलेले होते, आणि त्या नळांत साचलेल्या क्षारांचे थर उत्खननात सापडले आहेत. या माहितीच्या आधारे अनेक अभ्यासक म्हणतात की ‘उष्ण’ म्हणजे आवेशी आणि ‘शीत’ म्हणजे अविश्वासी असा अर्थ येथे नसावा. गरम पाणी अंग शेकायला उपयोगी, थंड पाणी तहान भागवायला उपयोगी. कोमट पाणी या दोन्हींसाठी निरुपयोगी. हा अर्थ मान्य केला तर मंडळीवरचा आरोप उत्साह कमी असल्याचा राहत नाही, कोणाच्याच उपयोगी न पडण्याचा होतो. मला हे वाचन अधिक पटते, कारण त्याने पत्रातील पुढच्या वाक्यांशी, स्वतःपुरत्या समाधानाच्या आरोपाशी, मेळ बसतो.

सार्दीसच्या बाबतीत इतके जाणणे पुरे की लुदिया राज्याच्या या जुन्या राजधानीचा उंच कड्यावरील किल्ला अभेद्य समजला जात असे, आणि पहारा ढिला असल्यामुळे तो दोनदा शत्रूच्या हाती गेला: एकदा पारसाचा राजा कोरेश याच्या आणि नंतर तिसऱ्या अंतियोखाच्या सैन्याच्या. त्या गावात “जागा राहा, नाहीतर मी चोरासारखा येईन” हे वाक्य ऐकणाऱ्याला आपल्या गावाचा इतिहास आठवल्याशिवाय राहिला नसेल. फिलदेल्फियाला इ.स. १७ मध्ये भूकंपाचा जबर तडाखा बसला होता. तेथील विश्वासणाऱ्यांना देवाच्या मंदिरातील स्तंभ करण्याचे आणि पुन्हा बाहेर जावे न लागण्याचे वचन मिळते.

तिसरी पायरी: दोष कोणता, हे शास्त्रालाच विचारा

नगराला दोषी ठरवताना वाचक आपल्या मनातला दोष त्याच्यावर लादतो, हे वारंवार घडते. सदोम हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायात परक्या पाहुण्यांवर जमावाने केलेला बलात्काराचा प्रयत्न आहे. पण सदोमाचा अपराध यहेज्केल संदेष्टा जेव्हा मोजून सांगतो, तेव्हा तो गर्व, अन्नाची विपुलता आणि निश्चिंत सुख यांचा उल्लेख करतो, आणि पुढे म्हणतो की तिने दीनदरिद्र्यांना हात दिला नाही (१६:४९). अमंगळ कृत्ये त्याच्या पुढच्या वचनात येतात. यशया यरुशलेमच्या अधिपतींना “सदोमाच्या अधिपतींनो” म्हणतो तेव्हा त्याची तक्रार अनाथांना न्याय न मिळाल्याची आणि विधवांची दाद न घेतल्याची आहे. येशू सदोमाचे नाव घेतो ते आपल्या शिष्यांचे स्वागत न करणाऱ्या गावांच्या आणि चमत्कार पाहूनही न वळलेल्या कफर्णहूमच्या संदर्भात. हे सारे एकत्र ठेवले की सदोम ‘त्यांचे’ नगर राहत नाही. भरल्या घरात बसून दाराशी आलेल्याला नाकारणारे कोणतेही गाव त्या नावाला पात्र ठरते.

चौथी पायरी: जुन्या वचनांचे पडसाद ऐका

नव्या करारातील नगरांची भाषा बहुतांशी जुन्या करारातून उचललेली आहे, आणि कोणते वाक्य कोठून आले हे कळल्यावर प्रतीकाचा अर्धा अर्थ हाती येतो. समासातील संदर्भ असलेले बायबल या पायरीसाठी आवश्यक आहे. प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय समोर ठेवून प्रत्येक संदर्भ उघडून पाहावा. यास एक पूर्ण संध्याकाळ लागेल, पण दुसऱ्या कोणत्याही मार्गाने बाबेल इतकी स्पष्ट होत नाही.

सुरुवात उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायापासून करावी. शिनार देशातील लोक विटा भाजतात, डांबराचा चुना करतात आणि म्हणतात, “आपण आपले नाव करू.” लगेच पुढच्या अध्यायात देव अब्रामाला म्हणतो, “मी तुझे नाव मोठे करीन.” नाव स्वतः कमवायचे की देवाकडून घ्यायचे, हा प्रश्न बाबेलच्या मुळाशी आहे. दानीएलाच्या चौथ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवरून फिरताना “हे थोर बाबेल मीच बांधले ना?” असे म्हणतो तेव्हा तोच सूर पुन्हा ऐकू येतो. या राजाच्या सैन्याने इ.स.पू. ५८७च्या सुमारास यरुशलेम आणि तेथील मंदिर जाळले. त्याचे बाबेल फरात नदीच्या काठी, आजच्या इराकमधील हिल्ला शहराजवळ होते, आणि इ.स.पू. ५३९ मध्ये ते कोरेशाच्या हाती गेले.

यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात बाबेल म्हणते, “मी सर्वकाळ राणी राहीन, मला वैधव्य येणार नाही.” प्रकटीकरण १८:७ मध्ये तेच बोल पुन्हा येतात. यिर्मयाच्या एक्कावन्नाव्या अध्यायात संदेष्ट्याच्या आज्ञेनुसार सराया याने बाबेलविरुद्धची गुंडाळी वाचून तिला दगड बांधायचा आणि फरातेत फेकायची असते, “असेच बाबेल बुडेल” असे म्हणत. प्रकटीकरण १८:२१ मध्ये एक बलवान देवदूत जात्याच्या तळीएवढा दगड समुद्रात टाकतो आणि जवळजवळ तेच शब्द उच्चारतो. “माझ्या लोकांनो, तिच्यातून निघा” ही हाकही यिर्मयाची आहे. व्यापाऱ्यांचा विलाप मात्र यहेज्केलाच्या सत्ताविसाव्या अध्यायातून, सोर या बंदराच्या विलापातून घेतलेला आहे. म्हणजे प्रकटीकरणातील बाबेल हे एक नगर नसून अनेक नगरांच्या पापाची एकत्र आलेली मूर्ती आहे.

मालाची ती यादी सावकाश वाचावी (१८:१२, १३). ती सोन्यापासून सुरू होते. रुपे, रत्ने, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, तेल, गहू, गुरे, घोडे, रथ असे करत ती शेवटी माणसांच्या देहांवर आणि जिवांवर येते. गुलामांचा उल्लेख सर्वांत शेवटी ठेवून लेखकाने त्या साऱ्या वैभवाची किंमत सांगितली आहे. बाबेलवरील आरोप केवळ मूर्तिपूजेचा आहे असे शिकवणाऱ्यांनी या दोन वचनांवर थांबून विचार केला पाहिजे.

पहिल्या वाचकांना ही बाबेल म्हणजे रोम हे लगेच कळत होते. प्रकटीकरणात स्त्रीच्या रूपात दाखवलेली बाबेल सात डोंगरांवर बसली आहे (१७:९), आणि रोम सात टेकड्यांचे नगर म्हणून सर्वत्र माहीत होते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. बाबेलने पूर्वी केले होते तेच रोमने केले, म्हणून यहूदी लिखाणांतही रोमला बाबेल म्हटलेले आढळते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटी बाबेलातील मंडळीचा सलाम येतो, तेथेही बहुतेक अभ्यासक रोमच समजतात.

एवढे झाल्यावर यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय मुद्दाम शेवटी वाचावा. त्यात बाबेलात बंदिवान असलेल्या यहूद्यांना देव सांगतो की घरे बांधा, बागा लावा, मुलेबाळे होऊ द्या आणि त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. ज्या नगरातून निघायचे त्याच नगरासाठी प्रार्थना करायची, ही दोन्ही वचने एकत्र धरता आली नाहीत तर बाबेल समजली असे म्हणता येत नाही.

पाचवी पायरी: अर्थाचे थर वेगळे करा

पाचव्या शतकातील संन्यासी योहान कॅसियन याने शास्त्रवाचनाचे चार थर समजावताना यरुशलेमचेच उदाहरण घेतले. इतिहासाच्या दृष्टीने ते यहूद्यांचे नगर, रूपकाच्या दृष्टीने ख्रिस्ताची मंडळी, अंतिम आशेच्या दृष्टीने देवाचे स्वर्गीय नगर आणि आचरणाच्या दृष्टीने माणसाचा आत्मा. मध्ययुगीन युरोपातील वाचकांनी ही पद्धत शतकानुशतके वापरली. देहालाच पंढरी मानणारे अभंग ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यातील चौथा थर परका वाटणार नाही, मात्र दोन्हींची श्रद्धा वेगळी आहे हे लक्षात ठेवावे.

वहीत चार स्तंभ आखून एकेक वचन योग्य जागी ठेवावे. आरोहणस्तोत्रे (१२० ते १३४) पहिल्या स्तंभात येतील: समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील त्या नगराकडे यात्रेकरू खरोखर चढून जात. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील ‘वरील यरुशलेम’ दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभांच्या सीमेवर बसेल. इब्री लोकांस पत्रात अब्राहाम पाया असलेल्या नगराची वाट पाहतो आणि “येथे आपल्याला स्थायिक असे नगर नाही” असे म्हटले आहे, ते तिसऱ्यात. येशू नगराजवळ येऊन रडला (लूक १९:४१) हे वचन मी स्वतः पहिल्या आणि चौथ्या अशा दोन्ही स्तंभांत लिहीन, कारण तो खऱ्या दगडमातीच्या नगरासाठी रडला, आणि त्याला न ओळखणारे मनही तसेच असते. प्रत्येक वचनाला चारही थर असलेच पाहिजेत असा हट्ट धरू नये. स्तंभ रिकामा राहिला तर राहू द्यावा.

सहावी पायरी: जोडी लावा आणि मापे तपासा

प्रकटीकरणाने आपली दोन नगरे जाणीवपूर्वक समोरासमोर उभी केली आहेत. सात वाट्या असलेल्या देवदूतांपैकी एक योहानाला म्हणतो, “इकडे ये, मी तुला दाखवतो,” आणि त्याला रानात नेऊन वेश्या, म्हणजे बाबेल, दाखवतो (१७:१-३). एकविसाव्या अध्यायात पुन्हा त्या सातांपैकीच एक देवदूत तसेच बोलतो आणि त्याला उंच डोंगरावर नेऊन वधू, म्हणजे नवे यरुशलेम, दाखवतो. सोने, रत्ने आणि मोती दोघींकडेही आहेत. पहिलीने ती अंगावर घातली आहेत, तर दुसरीच्या वेशी आणि पाये त्यांचेच आहेत आणि त्या वेशींतून राष्ट्रांचे वैभव आत आणले जाते.

मापे वाचताना अनेक जण कंटाळून पान उलटतात. तसे करू नये. नव्या यरुशलेमची लांबी, रुंदी आणि उंची सारखी आहे, प्रत्येकी बारा हजार स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. नगर घनाकृती का असावे? याचे उत्तर १ राजे ६:२० मध्ये आहे: शलमोनाच्या मंदिरातील परमपवित्र स्थान वीस हात लांब, वीस हात रुंद आणि वीस हात उंच होते आणि ते सोन्याने मढवलेले होते. त्या खोलीत वर्षातून एकदा, एकटा मुख्य याजक जात असे. नवे नगर संपूर्णच ती खोली आहे. म्हणूनच त्यात वेगळे मंदिर नाही (२१:२२), आणि म्हणूनच वेशी कधी बंद होत नाहीत, ही गोष्ट विलक्षण ठरते.

कोठे थांबावे

रूपक किती ताणावे याचा निर्णय करण्यासाठी यरीहोचा रस्ता उपयोगी पडतो. यरुशलेमहून समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या यरीहोला उतरणारी वाट सुमारे २५ किलोमीटरांत हजार मीटर खाली येते. येशूने सांगितलेल्या चांगल्या शमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणूस याच वाटेने जात होता. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती भाष्यकार ओरिगेन याने एका वडीलधाऱ्याचे विवेचन नोंदवले आहे: माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे जग, शमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी. हे सुंदर आहे आणि उपासनेत त्याला स्थान आहे. पण दाखला ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितला गेला, तो “माझा शेजारी कोण?” हा प्रश्न या वाचनात मागे पडतो. रूपकामुळे वचनातील आज्ञा पुसली जात असेल तर तेथे थांबावे.

आजच्या एखाद्या देशाला किंवा राजधानीला बाबेल ठरवण्याचा मोह टाळावा. यरुशलेमवरील संदेष्ट्यांचे कठोर शब्द यहूदी लोकांविरुद्ध वापरणे तर सर्वथा अयोग्य आहे. ते शब्द त्यांच्याच संदेष्ट्यांनी आपल्या नगरावरील प्रेमातून उच्चारले. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहूदी समाजासाठीही यरुशलेम हे केवळ रूपक नव्हे, तर प्रार्थनेची खरी दिशा आहे, याचे भान ख्रिस्ती वाचकाने बाळगावे.

अभ्यासवर्गासाठी क्रम

गटाने ही पद्धत वापरायची असेल तर निनवेपासून सुरुवात करावी, कारण योना आणि नहूम ही दोन्ही लहान पुस्तके एका बैठकीत मोठ्याने वाचून होतात. नंतर सदोम, मग सात पत्रांपैकी लावदिकीया व सार्दीस घ्यावीत. बाबेलला किमान दोन बैठका द्याव्यात. पहिलीत जुना करार, दुसरीत प्रकटीकरण. यरुशलेमच्या बैठकीआधी प्रत्येकाने चार स्तंभ घरूनच भरून आणावेत आणि बैठकीत फक्त जेथे मतभेद आहेत त्या वचनांवर बोलावे. शेवटच्या बैठकीत उत्पत्तीचा दुसरा अध्याय, यहेज्केल ४७ आणि प्रकटीकरण २२:१-५ हे तीन उतारे तीन वाचकांनी लागोपाठ वाचावेत. नदी आणि झाडे तिन्हींत आहेत. प्रत्येकात झाडाची पाने कोणासाठी आहेत, याची नोंद वाचन चालू असतानाच करावी: उत्पत्तीच्या या अध्यायात पानांचा काही उल्लेख नाही, यहेज्केलात ती औषधासाठी आहेत, आणि प्रकटीकरणात राष्ट्रांच्या आरोग्यासाठी.